पाय न टेकता: कुटुंबासोबत प्रवाळ बघायला जाताना

पहिल्यांदा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून प्रवाळ बघायला, म्हणजे स्नॉर्केलिंगला, उतरलो तेव्हा दहाव्या मिनिटाला माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. फार नाही, चमचाभर. पण नाकाशी पाणी आलं की डोकं बाजूला राहतं आणि शरीर आपलं आपण ठरवतं. माझ्या शरीराने पाय खाली टाकले. खाली वाळू नव्हती, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचं प्रवाळ होतं. फांदी मोडल्याचा ‘कट’ असा आवाज पाण्यातही स्वच्छ ऐकू आला. पोटरीवरचा ओरखडा चिघळला, भरायला तीन आठवडे लागले. अशा फांद्या वर्षाला फार तर दहा-वीस सेंटिमीटर वाढतात, म्हणजे माझ्या त्या एका पावलाची भरपाई व्हायला काही वर्षं लागणार, हे नंतर कळलं.

तेव्हापासून घरच्यांना न्यायचं असलं की मी सगळं एकाच गोष्टीभोवती आखतो: प्रत्येकाला पाय न टेकता पाण्यावर निवांत पडून राहता आलं पाहिजे. पोहण्याचा वेग, खोल बुडी, फिन्सची (पायात घालायच्या वल्ह्यांची) ऐट, हे सगळं नंतर. प्रवाळ जिथे असतं त्या संरक्षित क्षेत्राचे नियम आणि जिवाच्या काळजीचे नियम कागदावर वेगवेगळे दिसतात, पण पाण्यात उतरलं की दोन्ही इथेच येऊन मिळतात. दमलेला किंवा घाबरलेला माणूस उभं राहायला बघतो, आणि प्रवाळावर उभं राहायला जागा नसते.

आधी माणसं, मग तिकिटं

बहुतेक सहली उलट्या ठरतात. कुणीतरी निळ्याशार पाण्याचा फोटो पाठवतं, तिकिटं निघतात, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात कळतं की दोघांना पोहता येत नाही. त्यापेक्षा आधी एक कागद घ्या. प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: पोहता येतं का, तोंड पाण्यात बुडवायची भीती वाटते का, आणि तब्येतीचं काही आहे का.

यातला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. आमच्याकडे एकीला अजिबात पोहता येत नाही, पण लाइफ जॅकेट घालून ती अर्धा तास पानासारखी पडून राहते. उलट तलावात वीस फेऱ्या मारणारा भाऊ मास्क चढवल्यावर दुसऱ्या मिनिटाला तो ओरबाडून काढायचा. त्याला पोहणं शिकवायचं नव्हतं, मास्कची सवय लावायची होती.

पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना नळी देऊ नका. नुसता मास्क लावून, श्वास रोखून, तुमच्या हातावर आडवं होऊन त्यांना जेवढं दिसेल तेवढं पुष्कळ झालं. काचेच्या तळाची बोट मिळत असेल तर ती त्यांच्यासाठी उत्तम, आणि ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही अशा मोठ्यांसाठीही.

मुलांवर सगळ्यांचं लक्ष असतं. ज्यांच्यावर नसतं ते म्हणजे घरातले पन्नाशी-साठीचे पुरुष. स्नॉर्केलिंग करताना दगावणाऱ्यांमध्ये हृदयाचा त्रास असलेले प्रौढ बरेच असतात, आणि ते सहसा ओरडत नाहीत, हातपाय मारत नाहीत. पालथे तरंगत असतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की मासे बघताहेत. हृदयविकार, रक्तदाब, दमा, फिट येणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीवर जाणाऱ्या बोटींवर तब्येतीची माहिती आधी भरून घेतात. तिथे लाजेपोटी ‘काही नाही’ असं लिहिणारे काका मी पाहिले आहेत. लपवू नका. खरं सांगितलं की बहुतेक वेळा अडवत नाहीत, जॅकेट देतात आणि शेजारी माणूस ठेवतात.

नळीतला हिशोब

नवख्यांना वाटतं की नळी म्हणजे काय, तोंडात धरायची आणि श्वास घ्यायचा. पण तिच्यात एक गंमत आहे. आपण बाहेर सोडलेल्या हवेचा शेवटचा भाग नळीतच राहतो आणि पुढच्या श्वासाला तोच आधी आत येतो. मोठ्यांच्या नळीत अशी शे-दीडशे मिलीलीटर शिळी हवा राहते. मोठा माणूस शांतपणे श्वास घेतो तेव्हा सुमारे ५०० मिलीलीटर हवा आत ओढतो, त्यामुळे त्याचं भागतं. तोच घाबरून भराभर, उथळ श्वास घ्यायला लागला की तीच ती हवा आत-बाहेर होते, धाप वाढते, धापेने भीती वाढते. आता वीस किलोच्या मुलाचं बघा. त्याचा साधा श्वासच दीडशे मिलीलीटरच्या आसपास असतो. त्याच्या तोंडात बाबांची नळी दिली तर तो मुख्यतः स्वतःचीच सोडलेली हवा ओढणार. म्हणून मुलांची नळी वेगळी, आखूड आणि बारीक. ‘एकच घेऊ, आलटूनपालटून वापरू’ हे इथे चालत नाही.

(नळी आणखी लांब केली तर खोलवरून श्वास घेता येईल का, असा प्रश्न प्रत्येक घरातलं एक तरी मूल विचारतं. नाही. मीटरभर खालीच पाणी छातीवर इतका दाब देतं की बरगड्यांचे स्नायू ती फुगवू शकत नाहीत.)

सरावाला तीन-चार आठवडे द्या. पहिला आठवडा घरीच, बादलीत किंवा टबात. मास्क आणि नळी लावून तोंड पाण्यात, आणि मनात आकडे: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेरचा श्वास लांब ठेवायचा, म्हणजे पुढचा श्वास खोल जातो आणि शिळ्या हवेचा वाटा कमी पडतो. पाच मिनिटं कंटाळा येईपर्यंत. कंटाळा येणं ही चांगली खूण आहे.

मग कमरेएवढ्या पाण्याचा तरणतलाव. इथे तीन गोष्टी पक्क्या करायच्या. एक, नळीत पाणी गेलं तर ‘टू’ असा एकच जोरदार फुंकर मारून ते बाहेर फेकायचं, आणि पुढचा श्वास जपून, हळू घ्यायचा. तळाशी थोडं पाणी उरलेलं असतं, ते घशात गेलं की ठसका. दोन, मास्कमध्ये मुद्दाम थोडं पाणी घ्यायचं, मान जराशी वर करायची, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची आणि नाकाने हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. मला त्या दिवशी एवढंच येत असतं तर ती फांदी आज शाबूत असती. तीन, पालथ्याचं उताणं व्हायचं, नळी तोंडातून काढायची आणि आकाशाकडे बघत पडून राहायचं. सगळ्यात आधी शिकवायची गोष्ट खरं तर हीच. ‘काहीही झालं तरी उताणा हो’ हे वाक्य आमच्या मुलीला इतकं पाठ झालंय की ती ते आता आम्हालाच ऐकवते.

शेवटची परीक्षा अशी: पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात, जॅकेट घालून, पंधरा मिनिटं कठडा न धरता राहायचं. मधे एकदा मास्क रिकामा करायचा, एकदा उताणं व्हायचं. ज्याला हे जमलं तो समुद्रात तयार. ज्याला नाही जमलं त्याला कमीपणा देऊ नका, त्याच्यासाठी काचेच्या तळाची बोट शोधा.

सामान थोडं, पण अंगाचं

मास्क स्वतःचा असावा, बाकी सगळं भाड्याने चालतं. निवडताना पट्टा मागे टाका, मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकेच हवा आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर कितीही सुंदर असला तरी नाही. गळतीची तीन कारणं असतात: कडेखाली अडकलेले केस, अतिघट्ट पट्टा आणि मिशा. हो, मिशा. सिलिकॉनची कड ओठावर बसते आणि केसांमधून पाणी झिरपतं. आमच्या एका जवळच्या नातेवाइकांनी मिशीला हात लावायला साफ नकार दिला आणि पूर्ण सकाळ दर दोन मिनिटांनी मास्क रिकामा करण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मुकाट्याने मिशीचा खालचा काठ कातरला.

चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क घ्यावा, निदान भाड्याने मिळतो का ते आधी विचारावं. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे तो सारखा धुरकटतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने काच आतून दोन-तीनदा चोळून धुवा. पुढे रोज उतरण्याआधी लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब फिरवून विसळला की पुरे. थुंकीनेही काम होतं. मुलांना तो प्रकार फार आवडतो.

संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली सगळीकडे दिसतात. माझं मत विचाराल तर घेऊ नका. साधी नळी घाबरल्यावर थुंकून टाकता येते, हा मास्क मात्र पट्टे सोडवून काढावा लागतो. हवा नीट खेळत नसेल तर आत कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत. त्यात बऱ्याच जणांना जास्त सोपं वाटतं हे मला मान्य आहे. पण तेच जण सराव टाळतात.

फिन्स आखूड घ्या. लांब फिन्सने पाय अर्धा हात वाढतो आणि तो वाढलेला भाग आपल्या लक्षात राहत नाही. मागे काय मोडलं ते कळतही नाही. हातमोजे नकोत. कॅरिबियनमधल्या बोनेअरच्या समुद्री उद्यानात तर हातमोज्यांना बंदीच आहे, कारण हातात मोजा असला की माणूस बिनधास्त धरायला लागतो.

उन्हासाठी लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगासरशी सदरा) आणि पोटऱ्या झाकणारी चड्डी. पाठ पाण्यावर आडवी असते, तासाभरात भाजून निघते आणि गार पाण्यामुळे कळत नाही. कापडाने जेवढं अंग झाकाल तेवढं सनस्क्रीन कमी लागतं, आणि हाच मुद्दा आहे. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं प्रवाळाला घातक मानली जातात. पलाऊ देशाने जानेवारी २०२० पासून अशा सनस्क्रीनवर बंदी घातली, हवाईत जानेवारी २०२१ पासून त्यांची विक्री बंद आहे, आणि थायलंडने त्याच वर्षी आपल्या समुद्री राष्ट्रीय उद्यानांत ती मना केली. बाटलीवर ‘प्रवाळासाठी सुरक्षित’ असं छापलेलं असतं त्यावर जाऊ नका, मागचे घटक वाचा. झिंक ऑक्साइडवालं घ्या. चेहऱ्यावर पांढरा लेप दिसतो, दिसू द्या. फक्त कपाळावर लावू नका. घामाबरोबर डोळ्यांत उतरतं.

जागा, ऋतू आणि चंद्र

पहिल्या खेपेला किनाऱ्यावरून चालत शिरता येईल अशी जागा शोधा: वाळूचा उतार, आणि बाहेरच्या प्रवाळभित्तीने लाटा अडवल्यामुळे आत शांत झालेलं पाणी. मूल रडायला लागलं, कुणाला थंडी वाजली, तर पाच मिनिटांत बाहेर. बोटीने गेलात की एकाला बोट लागली तरी सगळ्यांना शेवटपर्यंत थांबावं लागतं. बोटीवरून दिसणारं प्रवाळ बहुधा जास्त देखणं असतं हे खरं. ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवा.

संरक्षित क्षेत्र म्हणजे सगळीकडे सारखा नियम असं नसतं. ग्रेट बॅरियर रीफच्या नकाशावर रंग आहेत: हिरव्या भागात फक्त बघायचं, काहीही काढायचं नाही, गुलाबी भागात परवानगीशिवाय शिरायचंही नाही. २००४ साली हद्दी नव्याने आखल्या तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश क्षेत्र हिरवं झालं. काही ठिकाणी जागेला सुट्टी असते. हवाईतला हनाउमा बे आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवतात, आणि उरलेल्या दिवशीही माहितीपट बघितल्याशिवाय खाली सोडत नाहीत. थायलंडमधला माया बे तर पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळाची वाट लागल्यावर २०१८ च्या जूनपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत बंद होता. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या क्षेत्राच्या व्यवस्थापनाची अधिकृत माहिती वाचा: कधी बंद, परवाना लागतो का, रोज किती जणांना सोडतात, शुल्क कुठे भरायचं.

ऋतू सोपा आहे. वादळांचे आणि पावसाचे महिने टाळा. पाऊस पडून गेला की नद्या गाळ आणतात आणि पुढचे काही दिवस हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. काही समुद्रांत जेलीफिशचा मोसम असतो. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला तो साधारण नोव्हेंबर ते मे, आणि तेव्हा अंगभर सूट घालूनच उतरतात.

भरती-ओहोटी मात्र नीट समजून घ्या, कारण इथे लोक हमखास चुकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती मोठी, ओहोटीही खोल, आणि मधल्या तासांत पाणी जोरात धावतं. अष्टमीच्या आगेमागे भांग: पाण्याची चढउतार कमी, ओढही कमी. नवख्या कुटुंबासाठी भांगाचे दिवस निवडा. तारखा मागेपुढे करता येत असतील तर चंद्र बघून करा, हॉटेलची सवलत बघून नाही.

दिवसातली वेळही तशीच. ओहोटीला प्रवाळाच्या पठारावर गुडघाभरही पाणी उरत नाही, पोट घासतं. भरती भरत आली की समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं, खोली वाढते, आणि पूर्ण भरतीला पाणी थोडा वेळ थांबल्यासारखं होतं. ती वेळ मधोमध धरून अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर, हा नवख्यांचा सोन्याचा तास. तो सकाळी येत असेल तर आणखी उत्तम. दुपारी जमीन तापते, वारा सुटतो, पाण्यावर खळबळ होते. ओहोटी लागली की आत साठलेलं पाणी भित्तीतल्या खिंडींतून बाहेर धावतं. त्या खिंडी कुठे आहेत ते किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला विचारा आणि मुलांना बोट करून दाखवा. सापडलातच तर ओढीच्या विरुद्ध हातपाय मारू नका, तिला आडवे जा, बाजूला निघा.

फोनवर विचारायचं

बोट किंवा गाईड ठरवताना भावाच्या घासाघिशीआधी हे विचारा: लहान मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का? एका गाईडमागे किती माणसं? तो पाण्यात उतरतो की बोटीवर बसून हात दाखवतो? बोट कशाला बांधता? या शेवटच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे बोयाला, म्हणजे तळाशी कायमच्या पक्क्या केलेल्या तरंगत्या खुणेला. ‘नांगर टाकतो की’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. एक नांगर आणि त्याची साखळी वाऱ्याने फिरत राहिली की तळाचं काय होतं ते एकदा बघितलं की पुरतं. ‘मासे हातातून खातात, मुलांना मजा येईल’ असं कौतुकाने सांगणाराही टाळा. खाऊला सोकावलेले मासे शेवाळ खायचं आपलं काम सोडतात, आणि शेवाळ वाढलं की प्रवाळ गुदमरतं.

त्या सकाळी

पोट हलकं, पण रिकामं नाही. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी, मळमळ सुरू झाल्यावर नाही. मद्य आदल्या रात्रीपासून बंद. लांबचा प्रवास करून आला असाल तर त्या दिवशी उतरू नका.

किनाऱ्यावर जोड्या लावा. एका मुलामागे एक मोठा, हाताच्या अंतरावर. दोन मुलं आणि एक मोठा असं असेल तर पाळी लावा. शिवाय एक माणूस कोरडा: तो पुस्तक वाचणार नाही, फोन बघणार नाही, डोकी मोजणार. आमच्याकडे हे काम दर वीस मिनिटांनी बदलतं, म्हणून कुणी कुरकुर करत नाही.

खुणा ठरवा. पाण्यात अंगठा वर करण्याचा अर्थ ‘छान’ होत नाही, ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’ म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. लांबून दाखवायचं असेल तर मूठ डोक्यावर टेकवायची. एक हात वर करून जोरात हलवणं म्हणजे मदत, आणि ती खूण गमतीत कधीच करायची नाही.

पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं, मग बाहेर. पाणी कोमट वाटलं तरी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं, आणि लहान अंग लवकर गारठतं. ओठ निळसर दिसले, दात वाजले, मूल अचानक गप्प झालं, की ‘अजून पाच मिनिटं’ ऐकायचं नाही.

आत गेल्यावर

फिन्स घालून पुढे चालू नका, धडपडाल. मांडीभर पाण्यात, वाळूवर बसून त्या चढवा आणि तिथूनच आडवे व्हा. यानंतर परत वाळू येईपर्यंत पाय खाली नाहीत. लाथा हळू, मांडीपासून. गुडघ्यातून सायकल मारली की वाळू उडते आणि प्रवाळावर बसते. खाली हातभर पाणीही उरलेलं नसेल तर वळा, तिथे आपलं काम नाही.

पहिली काही मिनिटं काही बघायचा प्रयत्न करू नका. कान द्या. कढईत मोहरी तडतडावी असा आवाज येतो: तो बोटाएवढ्या कोळंब्यांचा आहे, त्या आपला नांगा मिटताना पाण्यात बुडबुडा फोडतात. मधूनच ‘कुर्र, कुर्र’ ऐकू आलं तर पोपटमासा खडक चावतोय. चावलेला खडक त्याच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू काढतो. ज्या पांढऱ्या वाळूवर तुम्ही टॉवेल पसरलाय तिच्यातली बरीचशी अशीच आलेली असते, हे मुलांना बाहेर आल्यावर सांगा. आमच्याकडे त्यावर अर्धा दिवस हसणं चाललं होतं.

मग एकाच प्रवाळावर तरंगत थांबा. फिरणाऱ्याला कमी दिसतं. प्रवाळ हा प्राणी आहे, दगड नाही, हे मुलांना तिथेच पटतं: पृष्ठभागावर बारीक बारीक कप दिसतात, प्रत्येक कपात एक जीव, बहुतेक दिवसा मिटलेले. त्यांच्या पेशींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवालं उन्हावर अन्न तयार करतात, रंगही बराचसा त्यांचाच. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. असं पांढरं प्रवाळ दिसलं तर ते मेलेलंच असतं असं नाही. पाणी वेळेत निवलं तर ते सावरू शकतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातली चौथी अशी साथ जाहीर झाली, त्यामुळे तुमच्या सहलीत ते दिसण्याची शक्यता बरीच आहे. आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं हिरमुसतात.

हात कुठेही लावायचा नाही, हे फक्त प्रवाळाच्या भल्यासाठी नाही. दगडासारखा दिसणारा, विषारी काट्यांचा दगडमासा दगडावरच बसलेला असतो. सुंदर नक्षीच्या शंकूच्या आकाराच्या गोगलगायीचा दंश जीवघेणा ठरू शकतो, आणि मुलं नेमकी तीच उचलायला जातात. ‘काहीच उचलायचं नाही’ हा नियम लहान आहे, त्याला अपवाद नाही, म्हणून तो लक्षात राहतो. एखादा मोठा ट्रिगरफिश अंगावर धावून आला तर वर जाऊ नका, बाजूला पळा. घरट्याभोवतीची त्याची हद्द उलट्या शंकूसारखी असते, वर जाल तशी रुंद होते. कासव दिसलं तर त्याच्या डोक्यावर घोटाळू नका. त्याला श्वासाला वर यायचंय.

बुडी मारायचा मोह होईलच. आधी भराभर खोल श्वास घेऊन ‘हवा भरून’ घेऊ नका. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो आणि श्वास घ्यायची हाकच मेंदूला जात नाही; माणूस वर येता येता शुद्ध हरपतो. चांगले पोहणारेच यात सापडतात.

बाहेर आल्यावर

खरचटलं असेल तर लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवा, कण आत राहिले की चिघळतं. माझा अनुभव वर सांगितलाच आहे. माशाचा काटा टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, तो भाग बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. पाण्याचा अंदाज न दुखावलेल्या हाताने घ्या, नाहीतर वेदनेत भाजून घ्याल. जेलीफिशवर काय लावायचं ते जातीनुसार बदलतं, म्हणून ते उतरण्याआधीच तिथल्या जीवरक्षकाला विचारून ठेवायचं.

मास्क, नळी गोड्या पाण्यात विसळा, सावलीत वाळवा, डबीत ठेवा. शंखशिंपले जिथल्या तिथे. स्कूबा (हवेची टाकी घेऊन खोल बुडी) केल्यावर विमानात बसायला थांबावं लागतं, तसं नुसत्या स्नॉर्केलिंगनंतर थांबावं लागत नाही. तरीही परतीचं विमान त्याच दिवशी ठेवू नका, आणि तेही दुसऱ्या एका कारणासाठी.

पहिल्या दिवशी सगळ्यांचं लक्ष श्वासात, मास्कमध्ये आणि एकमेकांना मोजण्यात असतं. त्याच जागी दुसऱ्या दिवशी परत जा. भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा येईल, तेवढं सावकाश निघा. आमच्या मुलीला दुसऱ्या दिवशी एका समुद्रफुलात तीन विदूषकमासे सापडले. ‘सगळ्यात मोठी ती बाई असते,’ मी बाहेर आल्यावर सांगितलं, ‘आणि ती गेली की मोठा नर मादी होतो.’ तिने टॉवेलमधून तोंड बाहेर काढलं आणि विचारलं, ‘मग काल ते कुठे होते?’ तिथेच होते. काल आम्ही त्यांच्या डोक्यावरूनच गेलो होतो.